गॅलरीतली अमेरिका

“बेड्या घातल्या तर काय बिघडलं?” रविराज शिरसाठ गॅलरीतल्या खुर्चीवरून गरजले. “चोरून दुसऱ्याच्या देशात राहायचं, आणि वर यांना मानानं परत पाठवायचं?”

उज्वला चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून तिच्या नवऱ्याची दर रविवारची सकाळ अमेरिकेतच जायची. शेजारच्या इमारतीतले महेशराव आणि प्रेसमधले जुने सहकारी केरूभाऊ फिरून आले की सरळ वर यायचे. नाशिक रोडच्या त्या दुसऱ्या मजल्यावर मग सगळं ठरायचं. अमेरिकेचा आधीचा अध्यक्ष कसा बुळा होता, आताचा कसा खमक्या आहे, दहशतवाद्यांना कुठल्या कुठल्या देशात घुसून मारायला हवं.

“पण आपल्या मालावर केवढा कर लावला त्यानं,” महेशराव म्हणाले. “माझ्या पुतण्याचं अंबडचं वर्कशॉप निम्मं बंद पडलंय. बारा माणसं घरी बसवली.”

“बसू देत की. स्वतःच्या देशाचं बघतो तो. आर्थिक धोरण म्हणतात याला. आणि कागद नसलेला माणूस म्हणजे उद्याचा दहशतवादी, लिहून ठेवा. एकेकाला हुडकून विमानात कोंबतोय. मर्द आहे!”

“लय बरोबर,” केरूभाऊ म्हणाले. चहा येईपर्यंत ते सगळ्यालाच लय बरोबर म्हणायचे.

कागद नसलेला माणूस. उज्वलाच्या डोळ्यांपुढे स्वराज आला. त्यांचा एकुलता एक. अमेरिकेत शिकायला गेला, शिक्षण संपलं, नोकरी टिकली नाही, व्हिसा संपला आणि तो तिथंच राहिला. दीड वर्ष एका मोटेलात चादरी धूत होता. कॉलनीच्या लेखी तो अजून मोठ्या कंपनीत होता. रविराजच तसं सांगत फिरायचे. “आई, बाबांना सांगू नको, सहन नाही व्हायचं त्यांना,” असं पोरगं म्हणालं होतं, म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं. रविवारी हे सगळं ऐकताना तिला आधी रडू यायचं. मग संताप यायचा. आता नुसती किळस यायची. बशीतून फुर्र करून चहा ओढत, मिशीत अडकलेला बिस्किटाचा चुरा जिभेनं काढत हा माणूस सगळ्या जगाला शिक्षा वाटत बसतो, याची.

आज सकाळी सात वाजता स्वराजच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला होता. “काकू, त्याला पकडलं. परत पाठवताहेत. मंगळवारी दिल्लीला उतरेल.”

“हात मोकळे असतील ना रे त्याचे?” तिनं विचारलं होतं. “बेड्या सगळ्यांनाच घालतात, काकू,” तो मुलगा म्हणाला होता.

उज्वलानं ट्रे टेबलावर ठेवला.

“स्वराज येतोय,” ती म्हणाली. “मंगळवारी.”

“अरे वा! सुट्टी मिळाली वाटतं,” महेशराव म्हणाले.

“नाही. तुमचं ज्या विमानाबद्दल चाललंय ना, तसल्याच विमानातून. बेड्या घालून.”

केरूभाऊंनी उचललेला कप खाली ठेवला. महेशराव उभे राहिले, काहीतरी शोधल्यासारखे खिसे चाचपू लागले. “वहिनी, काही लागलं तर हाक मारा,” एवढं कसंबसं म्हणाले. पाठोपाठ दोघेही जिना उतरून गेले. चहा तसाच राहिला.

रविराज मान खाली घालून बसले होते. उज्वलाला एकदम भरून आलं. माणूस कितीही तोंडाळ असला तरी बाप होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि आपण चारचौघांत त्याला असं आडवं केलं. इतक्या महिन्यांची किळस तिच्या अंगातून उतरल्यासारखी झाली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“चुकलं माझं. आधी तुम्हाला एकट्याला सांगायला हवं होतं.”

“मला काय सांगतेस?” रविराज म्हणाले. “दिवाळीतच फोन आला होता त्याचा. वकील करायचाय म्हणत होता. मी म्हटलं, तुझं तू निस्तर, आणि पुन्हा मला फोन करू नकोस.”

तिचा हात खांद्यावरच राहिला. दिवाळीपासून स्वराजनं फोनवर एकदाही वडिलांचं नाव काढलं नव्हतं.

“ठाऊक होतं तुम्हाला? आणि तरी दर रविवारी हे...”

“म्हणूनच!” ते तिच्यावर खेकसले. “जो एवढं बोलतो त्याच्याच घरात असलं काही असेल, अशी शंका तरी येते का कुणाला? सहा महिने घसा फोडून झाकून ठेवलं होतं. तू एका वाक्यात सगळं उघडं पाडलंस.”

उज्वलानं हात काढून घेतला. आत जाऊन तो साबणानं धुतला. मग कपाटावरची बॅग खाली ओढली, दोन साड्या टाकल्या, स्वराजचा जुना स्वेटर टाकला.

रविराज दारात येऊन उभे राहिले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “आणायला जाणारच असशील तर एक कर. त्याला इकडे आणू नकोस. परतीचं तिकीट पुढं इगतपुरीपर्यंत काढ. राहील तुझ्या भावाकडे. लोक विसरले की बघू.”

“काढते,” उज्वला बॅगेची चेन ओढत म्हणाली. “दोन्ही तिकिटं इगतपुरीचीच काढते. त्याचं आणि माझं.”