उजवी सीट

"ही घे आणि मोकळा हो," डेल्बर्ट म्हणाला आणि त्याने जुन्या हॅचबॅकच्या टपावर थाप मारली. तळहाताला गंज लागला. गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बेताने त्याने तो पँटला पुसला. गिऱ्हाईक म्हणजे त्याचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र वेंडेल स्ट्राउड. त्याला दिसलं.

मार्च होता. ओहायोतल्या डेल्बर्टच्या गॅरेजच्या मागे मळकं बर्फ अजून पडून होतं.

"पुढच्या चाकांवर चालते, चुकलास तरी सांभाळून घेते. अडीच हजार डॉलर. वर ब्रेकचे पॅड आणि चांगले टायर. हिच्यात माझी सासूसुद्धा एका दिवसात पास होईल. आणि तिला जाऊन सहा वर्षं झाली."

वेंडेल वाकून आत, डावीकडच्या स्टिअरिंगच्या शेजारी बघत होता. "हिला उजवी सीट नाही."

"आधीच्या मालकाने वजन कमी करायला काढली. तुला एकट्याला किती सीटा लागतात?"

"कोरीन कुठे बसेल?"

डेल्बर्टने दारावरची किमतीची चिठ्ठी काढून घेतली.

कोरीन ही वेंडेलची मुलगी. बकहॉर्नच्या ट्रॅकवर महिन्यातून एकदा हौशी माणसं आपापल्या गाड्या पळवायला येत, तिथे ती शिकवायची. नवख्याच्या उजवीकडे शिकवणारा बसणार, आणि त्याची सही मिळेपर्यंत नवख्याने एकट्याने ट्रॅकवर जायचं नाही, असा क्लबचा नियम होता.

तिच्या आईचं दुखणं वेंडेलने कोरीनपासून शेवटच्या आठवड्यापर्यंत लपवलं होतं. दफनानंतर तिने त्याचा फोन घेणं सोडलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी येणं सोडलं. मग चाळीस वर्षं डोंगरातल्या बर्फावरून दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेल्या वेंडेलने, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बकहॉर्नला नवखा म्हणून नाव घातलं. यादीत ते कोरीनच्या नावासमोर आलं. दर वेळी वीस मिनिटांच्या चार खेपा. तेवढाच वेळ ती त्याच्याशी बोलायची.

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. दोन गाड्या झाल्या होत्या. सही झाली नव्हती.

"एकदा पास हो बाबा," डेल्बर्ट म्हणाला. "तिच्या हातची सही मिळव. मग बघ, बोलायला लागेल."

वेंडेल कोपऱ्यातल्या लहानशा दोन सीटच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला होता.

"ती नको! मागच्या चाकांवर चालते. वळणावर मागून घसरते, शेपूट टाकते. तुला शेपूट सांभाळता येत नाही म्हणून तर गेल्या वर्षी..."

"हीच," वेंडेल म्हणाला.

इंजिनाला त्याने हात लावला नाही. गाडी उलटली तर म्हणून डोक्यावर लोखंडी कमान बसवली, ब्रेक बदलले, दोन्ही सीटांना सारखेच पट्टे लावले. डावी सीट एका दुपारी बसली. उजवीची गादी भरण्यात त्याने पाच दिवस घेतले.

"लोक इंजिनाचे घोडे वाढवतात," डेल्बर्ट म्हणाला, "हा गाद्या वाढवतोय."

मे महिन्यात ट्रॅक उघडला. कोरीन उजवीकडे बसली, पट्टे आवळले, हेल्मेटचा माइक सुरू केला.

"ब्रेक. वळा. नजर पुढे. मिस्टर स्ट्राउड, पुढे म्हणजे माझ्याकडे नव्हे."

"हो, मॅडम."

"नाश्ता केलात?"

"कॉफी घेतली."

"कॉफी म्हणजे नाश्ता नव्हे. ब्रेक!"

"कोरीन, मागच्या दारचं सफरचंद..."

"वळणात बोलायचं नाही."

"मग?"

"सरळ रस्त्यावर बोला."

सरळ रस्ता आला. "तुझ्या आईने लावलेलं सफरचंद यंदा फुललं," वेंडेल घाईघाईने म्हणाला. तेवढ्यात रस्ता संपला.

सातव्या वळणावर गाडीची शेपूट सुटली. दोन गिरक्या घेऊन ती गवतात थांबली. इंजिन बंद पडलं. धूळ हळूहळू खाली बसली.

"तुला सांगू नये म्हणून तुझ्या आईने मला शपथ घातली होती गं," वेंडेल म्हणाला.

कोरीनने आपला पट्टा पुन्हा आवळला.

"क्लच दाबा," कोरीन म्हणाली. "पहिला गिअर टाका."

दुपारी शिकवणाऱ्यांचा प्रमुख हॉवी त्यांच्या गाडीपाशी आला. "स्ट्राउड, हे तिसरं वर्ष. या खेपेला मी बसतो शेजारी. काय बिघडतंय ते कळू दे एकदा. आजच्या आज एकट्याने चालवायला लावतो तुम्हाला, बघा."

वेंडेलचा चेहरा उतरला. "माझं पोट जरा..."

"सगळ्यांचंच असतं. बसा."

कोरीन कुंपणापाशी उभी राहून बघत होती. पाच फेऱ्या बऱ्या गेल्या. सहाव्या फेरीला, सातव्या वळणावर, गाडी गिरकी घेऊन गवतात गेली. कोरीनने डोळे मिटले.

हॉवी परतला. हेल्मेट काढून तो कोरीनला तंबूच्या मागे घेऊन गेला. तो चिडला होता.

"गाडी फिरली नाही. त्याने फिरवली. आणि गवतात अशी अलगद उभी केली की माझ्या खिशातलं पेन हललं नाही. हे मला शिकायला दहा वर्षं लागली. तो माणूस तुझ्या-माझ्यापेक्षा बरा चालवतो, कोरीन. तीन वर्षं तुला बनवतोय!"

कोरीनने खाली बसून वेंडेलचा सहीचा फॉर्म गुडघ्यावर घेतला.

"माझी सही मी करतो," हॉवी म्हणाला. "खाली तुझी कर, आणि सोडून दे त्याला एकट्याला."

"हॉवी," ती म्हणाली, "डॅडी मुद्दाम करतात हे मला पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्या फेरीत."

मग तिने शेऱ्याच्या चौकटीत, गेल्या दोन वर्षांसारखंच, नीट अक्षरात लिहिलं: 'अजून तयारी नाही. पुढच्या खेपेलाही शेजारी बसावं लागेल.'