हातचं पाणी

“पानी,” सारजाबाई म्हणाल्या.

मार्था पट्टी बांधत होती. तिने गाठ तशीच सोडली आणि सारजाबाईंच्या छातीकडे पाहिलं. श्वास थांबून थांबून येत होता. चाळीस वर्षं नर्सचं काम केलेलं. तो श्वास तिला ओळखू आला.

घरात दुसरं कोणी नव्हतं. सून मंगल ओढ्यापलीकडच्या शेतात कांदा काढायला गेली होती, मुलगा सुभाष ट्रॅक्टर घेऊन ओतूरला. रिटायर झाल्यापासून मार्था रोज जुन्नरहून एसटीने डिंगोऱ्याला यायची, सारजाबाईंच्या पाठीच्या जखमा धुवायची आणि मंगलच्या हातचा चहा पिऊन परत जायची. सुभाषचा जन्म याच खोलीत, तिच्याच हातावर झाला होता. पण या घरात पाण्याचा तांब्या तिने कधी कोणाच्या पुढे केला नव्हता. सारजाबाई माळकरी. मटण खाणाऱ्याच्या हातचं पाणी त्यांना चालत नसे.

चार दिवसांपूर्वीच पट्टी बदलताना त्या म्हणाल्या होत्या, “लई हलका हात हाय गं तुजा. तेवढी कोंबडी सोडली असतीस, तर तुज्या हातचं पानी पेले असते.”

“नाताळात काय खाऊ मग? शेपूची भाजी?” मार्था म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

“पानी,” आता त्या पुन्हा म्हणाल्या.

मार्थाने मंगलला फोन लावला. फोन स्वयंपाकघरातच वाजला, चार्जिंगला लावलेला. ती दारात गेली, शेजारच्या धोंडाबाईंना हाक मारली. त्यांच्या घराला कुलूप होतं. सगळी आळी कांद्यात.

रविवारी चर्चमध्ये पाळक तहानलेल्याला पाणी देण्याबद्दलच बोलले होते. तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं.

तिने माठातलं पाणी पेल्यात घेतलं. सारजाबाईंची मान उचलली आणि पेला ओठांशी नेला. सारजाबाईंनी डोळे उघडले. त्या डोळ्यांना वर्षभर नीट काही दिसत नव्हतं.

“कोन?”

‘मंगल’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. एवढा एकच शब्द.

“मार्था,” ती म्हणाली.

ओठ मिटले. सारजाबाईंनी तिचं मनगट चाचपलं, त्यावर थोपटल्यासारखं केलं. “मंगलला बोलीव.”

मार्थाने पेला खाली ठेवला. पासष्टीतली बाई, गुडघे दुखणारी. बांधावरून, ओढ्यातून, वाफ्यांतून ती जमेल तेवढी पळाली. लांबूनच हातवारे केले. मंगलने हातातलं खुरपं टाकलं.

दोघी परत आल्या तेव्हा सारजाबाईंचा चेहरा दाराकडे होता. तोंड उघडं होतं. मार्थाने नाडी पाहिली, मग नुसतंच मनगट धरून बसली.

मंगलने भरलेला पेला पाहिला. “पाजलं न्हाई?”

“त्यांनी विचारलं, कोण.”

“मग?”

“मी सांगितलं.”

मंगल हाताची माती लुगड्याच्या पदरात चुरत राहिली. “माजं नाव घ्यायचं व्हतं की वो सिस्टर,” ती शेवटी म्हणाली. “मला काय कमी पडलं असतं?”

मार्थाने अर्धी राहिलेली पट्टी नीट बांधली. आता तिची गरज नव्हती, तरी बांधली.

दुपारपर्यंत शेतांतून बाया आल्या. अंगणातली तुळशीची पानं आणली. सुभाषने आईच्या मुखात पाणी घातलं, मग मंगलने, मग धोंडाबाईंनी, मग एकेका बाईने. मार्था दाराशी चपलांजवळ उभी होती. मंगलने वाटी आणि चमचा तिच्यापुढे धरला.

“या.”

“त्यांचं माळेचं…”

“तुमी या.”

बाया सरकून बसल्या. मार्था गुडघ्यांवर टेकली. मंगलने खालून वाटी धरली. चमचाभर पाणी ओठांत गेलं आणि लगेच बाहेर आलं, गालावरून कानाच्या पाळीकडे ओघळलं. मार्थाने ते पदराने टिपलं, दुखू नये म्हणून अगदी हलक्या हाताने.