बाईंची कात्री

“बाई, आता तुमची पाळी,” म्हणत भिंगरीने घडी घातलेला कागद चित्रकलेच्या बाईंपुढे धरला. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळा वर्ग तिला भिंगरी म्हणायचा.

बाईंनी कागद डाव्या हाताने घेतला. वर्षभरात त्यांनी मुलांसमोर कात्री धरली नव्हती. उजवा हात थरथरायचा. औषधं चालू होती, पण हात काही ऐकत नव्हता. घरी कपबशी वाजली की नवरा मुद्दाम दुसरीकडे बघायचा. शाळेत मात्र त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. हात कायम स्वेटरच्या खिशात. हे वर्ष संपलं की आपणहून घरी बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जिला कात्री धरता येत नाही ती बाई शिकवणार काय, कपाळ?

आज कागदाचे हिमकण कापायला तीन विषयांचा एकत्र तास होता. हिमकणाला सहाच फाटे का, ते विज्ञानाच्या सरांनी मोठे केलेले फोटो दाखवून सांगितलं होतं. कॉम्प्युटरच्या सरांचं नवं मशीन मुलांची डिझाइन्स झरझर कापून देत होतं. बाईंच्या वाट्याला कागदाच्या घड्या तेवढ्या आल्या होत्या. आधी अर्धी, मग तिहेरी, मग पुन्हा अर्धी.

“मशीन देतंय की कापून,” बाई म्हणाल्या.

“मशीनचे सगळे गुळगुळीत येतात. तुम्ही कापा ना, बाई.”

अख्खा वर्ग बघत होता. नाही तरी कसं म्हणणार? बाईंनी कात्री उचलली. पहिल्याच कापाला हात थरथरला आणि कड वेडीवाकडी गेली. दुसऱ्याचं तर विचारूच नका. झालं, आता बिंग फुटणार. घडी उलगडायचा त्यांना धीर होईना. ती तशीच टेबलावर ठेवून त्यांनी हात खिशात कोंबला.

भिंगरीला कुठला दम निघायला. तिने घडी उलगडून खिडकीच्या काचेवर धरली.

हाताची एकेक थरथर सहाही फाट्यांवर जशीच्या तशी उमटली होती. कडांना झालरीसारखे बारीक दाते आले होते. विज्ञानाचे सर हातातल्या फोटोकडे आणि काचेकडे आळीपाळीने बघत राहिले. “खराखुरा असाच दिसतो हो,” ते म्हणाले. कॉम्प्युटरचे सर आपल्या मशीनकडे बघत डोकं खाजवू लागले.

“बाई, हे कसं केलंत?” भिंगरीने विचारलं.

बाईंनी खिशातला हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. तो थरथरत होता.

“असं,” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने सगळा वर्ग कात्र्या घेऊन हात थरथरवायचा सराव करत होता.

“बाई, माझा नीट थरथरतच नाही,” भिंगरी रडवेली होऊन म्हणाली.

“जमेल हळूहळू,” बाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षीही मी आहेच की.”