पोरगा तुझा, गुण माझे

थेरॉनच्या सलूनमध्ये दर रविवारी दोस्तांचा अमेरिकन फुटबॉलच्या 'फँटसी' खेळाचा अड्डा जमायचा. प्रत्येकाने खरे खेळाडू निवडून आपला मनातला संघ बांधायचा आणि ते मैदानात जे कमावतील ते गुण आपले.

यंदा थेरॉनचा मुलगा जरेल पहिल्यांदाच मोठ्या संघात रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारा गडी, म्हणून उतरणार होता. निवडीच्या दिवशी थेरॉनने त्याला घेतलंच नाही. अड्ड्यावरच्या ऑर्व्हिलने मुद्दाम उचलला आणि वर खिजवलं, "पोरगा तुझा, गुण माझे!"

पोरगं असं काही खेळलं, की ऑर्व्हिल थेट अड्ड्याच्या अंतिम फेरीत थेरॉनसमोर आला.

शेवटचं मिनिट. थेरॉन थोडक्या गुणांनी पुढे होता. तेवढ्यात लांबून चेंडू आला, जरेलने हवेत झेप घेऊन पकडला, समोरच्या संघाचे दोन आडदांड गडी त्याच्यावर आदळले आणि तो चेंडूसकट रेषेपलीकडे पडला. टचडाउन! सहा गुण, आणि ऑर्व्हिल पुढे! सगळे ओरडले. थेरॉन मात्र टीव्हीकडे टक लावून उभा होता. मग एकाएकी खुर्चीवर चढून नाचायलाच लागला.

"अरे येड्या, तू हरलास!" ऑर्व्हिल म्हणाला.

"कळतंय रे!"

"एवढा जीव आहे, तर घेतला का नाहीस त्याला?"

थेरॉन धापा टाकत हसला. "गुण मोजणाऱ्याचं लक्ष चेंडूवर असतं, ऑर्व्हिल. मला आधी बघायचं असतं, पोरगं उठून उभं राहिलं का!"