सौदा होईपर्यंत

"हा गिझर आजच्या आज बंद करा," घर तपासायला आलेला माणूस न्हाणीघरातून बाहेर येत हलक्या आवाजात म्हणाला. "आत गॅस जळतो आणि खिडकी बाहेरून बुजवलीय. त्यातून निघणारा विषारी वायू कोंडतो. त्याला रंग नाही, वास नाही. कळेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो."

भावाबरोबर घर विकत घ्यायला आलेल्या बहिणीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. भाडेकरू बाई भाजी निवडत होती.

"त्यांना सांगितलंत?"

"ज्याने बोलावलं त्यालाच सांगायचं, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता. तुम्ही सांगा. पण सांगाच." त्याने बॅग उचलली आणि तो पुढच्या घरी गेला.

भावाचा चेहरा मात्र उजळला. "ताई, लॉटरीच लागली! आता त्या म्हाताऱ्या मालकाला किमतीत कसा खाली आणतो बघ. आणि आत काही बोलू नकोस हं. बाई घाबरून निघून गेली तर रिकामं घर गळ्यात पडेल."

आई जन्मभर भाड्याच्या घरांत राहिली होती. तिच्या मागे उरलेल्या पैशांतून घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं, ही कल्पना बहिणीचीच. ती भावामागोमाग बाहेर गेली.

मालक बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसला होता. भावाने गिझरचा विषय काढला. म्हातारा जराही दचकला नाही.

"खिडकी ना? बंद आहे खरी. बोला, किती कमी करू?"

"तुम्हाला ठाऊक होतं?" बहिणीने विचारलं.

"अहो, घर घेतलं तेव्हा मलाही तिच्यावरच सूट मिळाली होती."

भाऊ खो खो हसला. तेवढ्यात बाईची शाळकरी पोरगी टॉवेल खांद्यावर टाकून, पाहुण्यांना वाकुल्या दाखवत समोरून न्हाणीघरात गेली. कडी लागली. भप्प आवाज झाला आणि बादलीत पाणी पडू लागलं.

बहीण अर्धवट उठली. भावाने तिचा हात दाबला. "थांब गं जरा. इतकी वर्षं चाललंय, आजच काय होतंय?"

ती बसली.

म्हातारा चिकट निघाला, भाऊ त्याहून चिवट. ताबा कधी, वकील कोणाचा, रंगाचा खर्च कोणाकडे. घासाघीस लांबत गेली. आतलं पाणी केव्हा थांबलं, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. शेवटी दोघांनी हात मिळवले.

बहीण तडक स्वयंपाकघरात गेली. "तो गिझर लावू नका. ऐका माझं, पुन्हा लावूच नका."

"नाही लावत आता," बाई देठं गोळा करत हसली. "पोरीची झाली आंघोळ. हल्ली फार गुणाची झालीय हो, रडारड नाही की हट्ट नाही. आंघोळ झाली की गुमान जाऊन झोपते. आज तर केससुद्धा पुसले नाहीत. केव्हाची हाका मारतेय मी."