रुळावरची कुंडी

बसा जरा, लिस्बनच्या एर्मेलिंदा आजीची गोष्ट सांगतो. सेंट अँथनीच्या सणाला तिथं आपल्या माणसाला तुळशीसारख्या रोपाची कुंडी देतात. आजी ती नवऱ्याच्या कबरीवर नेते. पण शेवटच्या थांब्यावरच्या दफनभूमीला जाणारी ट्राम किल्ल्याजवळून जाते, पर्यटकांनी ठासून भरलेली. दोन ट्रामी तशाच गेल्या. पाचला दफनभूमीचं फाटक बंद होणार. वैतागून आजीनं कुंडी रुळावरच ठेवली. तिसरी ट्राम करकचून ब्रेक लावत थांबली. ड्रायव्हर ओरडला, “आजी, उचला! सणाची कुंडी चिरडली तर आई मला घरात घेणार नाही!” “मग मला घे! माझा म्हातारा जन्मभर हीच ट्राम हाकायचा, मलाच जागा नाही?” ड्रायव्हर मागं वळला. “उठा रे कुणीतरी! किल्ला काय पळून जातोय?” उठलेल्या पर्यटकानं विचारलं, “शेवटच्या थांब्यावर बघण्यासारखं काय आहे?” “माझा म्हातारा.” तिकडं गेलात तर किल्ला पायी बघा बुवा.