उंबऱ्यावरचं मीठ

धरमसिंग डोंगरावरून परत आला, पण त्याला घरात कोणी घेईना.

शेळी शोधायला म्हणून बुढ्या डोंगरावर गेलेला माणूस. आठवडा होत आला. अख्खा तांडा आणि वनखात्याची माणसं डोंगर पालथा घालून थकली. आणि आज दिवस बुडताना हा बाबा एकटाच पायवाटेनं खाली आला. अंगावर तोच निळा सदरा. पायात काटा नाही, ओठ सुकलेले नाहीत. अहो, दाढीसुद्धा वाढलेली नव्हती!

मेडशीजवळच्या या तांड्यात लहान पोरालाही ठाऊक होतं, की बुढ्या डोंगर एकटा आहे. त्यालाही वाटतं, कुणाच्या तरी चुलीपाशी बसावं, गरम भाकर खावी. मग तो एखादा माणूस वर ठेवून घेतो आणि त्याचं रूप घेऊन खाली येतो. वाडवडील बैलांवर मीठ लादून हाच डोंगर ओलांडायचे, पण त्याला खडाही दिला नाही. म्हणून मीठ त्याला सोसत नाही. जिभेवर पडलं की जागच्या जागी दगड होतो. तांड्याच्या वाटेवर तसा एक उभाही आहे, माणसाएवढा.

"रुखमाबाई, मीठ आन," तांड्याचा नायक रतनसिंग म्हणाला. "तुह्याच हातानं द्या लागते. रीत हाये."

"मालक हाये तो माहा!" रुखमाबाई फणकारली.

"मंग भेतं कायले?"

आठवडाभर ती देवाला एकच म्हणत होती, कसाही दे, पण दे. आत जाऊन तिनं मिठाच्या बरणीला हात घातला आणि मागे घेतला. शेजारच्या डब्यातली साखर काढली, पाट्यावर बारीक रगडली. वरवंट्याचा आवाज बाहेर गेला. खडेमीठ रगडतेय, असंच सगळ्यांना वाटलं.

उंबऱ्याशी येऊन तिनं चिमूट त्याच्या जिभेवर ठेवली.

धरमसिंगनं तोंड वाकडं केलं. "लई खारं हाये वं!"

लोकांचा जीव भांड्यात पडला. "आपलाच हाये गड्या!" म्हणत रतनसिंगनं त्याची पाठ थोपटली. बायांनी डोळे पुसले, आणि बघता बघता अंगण रिकामं झालं.

रुखमाबाई जागची हलली नाही. तिच्या लबाड्या धरमसिंग लग्नापासून अशाच झाकत आला होता. लोकांदेखत खोटं बोलायचा आणि मागून हळूच डोळा मारायचा. तिनं वाट पाहिली. तो तिच्याकडे बघतच नव्हता. आत पेटलेल्या चुलीकडे टक लावून उभा होता.

"मले आत घेत नाई का?" त्यानं विचारलं.

ती उंबऱ्यातून बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "बसा चुलीपाशी. भाजी आजपासून अळणीच करीन मी."